नववा कोपरा

"माझं काय, मी पडून राहीन एका कोपऱ्यात," असं सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि घरातलं कुणीही ते मनावर घेत नसे. जुन्या घड्याळाला किल्ली द्यावी तसं ते वाक्य होतं. एकदा म्हटलं की घर दुसऱ्या दिवसापर्यंत चालायचं. पण एका शनिवारी त्यांच्या सुनेने ते मनावर घेतलं. म्हणूनच पुढच्या रविवारी त्या घरातला फ्रिज पलंगाच्या पायथ्याशी घरघरत होता, सुनेचे जवळजवळ सगळे कपडे कपाटात नजरकैदेत होते, आणि घरातला कर्ता पुरुष त्याच कपाटामागे पोटापर्यंत अडकून "आता श्वास घेऊ का सोडू?" असं विचारत होता.

याची सुरुवात शाळेत झाली. घरातल्या बऱ्याच भानगडींची तिथेच होते.

"घरात एखादा कोपरा तर सगळ्यांकडेच असतो, हो ना?" शिक्षिकेने पालकसभेत विचारलं आणि पालकांनी माना डोलावल्या. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला मान डोलवायची सवय शाळा सुटली तरी सुटत नाही. "मग तोच मुलांना द्या. चार कागद, थोडे रंग, बसायला काहीतरी. बाजारातून काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायचं. झाला कलाकोपरा! हक्काची जागा मिळाली ना, की मुलं फुलतात."

‘हक्काची जागा’ हे शब्द ऐकून शेवटच्या बाकावरच्या एका आईची डोलणारी मान थांबली. बाक पहिलीतल्या मुलांच्या मापाचा होता आणि तिचे गुडघे हनुवटीला टेकले होते. पण ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

या आईला तिच्या ऑफिसात ‘नकाशेबाई’ म्हणत. घरं सजवून देणाऱ्या एका साहेबांकडे ती लोकांच्या खोल्यांचे नकाशे काढायची. पलंग कुठे, कपाट कुठे, आरसा कुठे लावला म्हणजे खोली दुप्पट दिसेल. मुलांच्या खोलीत तर ती हमखास एक देखणा कोपरा काढायची. खिडकीशी बुटकं टेबल, त्यावर डावीकडून येणारा उजेड. काही गिऱ्हाइकांच्या घरांत मुलांपेक्षा असे कोपरेच जास्त होते. साहेबांचा एकच नियम होता. "नकाशात माणसं काढायची नाहीत. माणसं काढली की खोली लहान दिसते आणि गिऱ्हाईक बिचकतं."

लहानपणी ती माणसंच काढायची. शाळेत चित्रकलेत पहिली आली तेव्हा तिला जलरंगांची पेटी बक्षीस मिळाली होती. पण पेटी उघडून बसायला जागा हवी. माहेरी भावंडं पुष्कळ आणि खोली एक. ती पेन्सिल घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची, आणि जाणारा-येणारा "जरा पाय घे गं" म्हणत पायाऐवजी चित्रच तुडवून जायचा. "आधी परीक्षा होऊ दे," घरचे म्हणाले. मग म्हणाले, "आधी नोकरी लागू दे." मग म्हणाले, "आता काय ते आपल्या घरी गेल्यावर कर." आपल्या घरी आल्यावर कळलं, की ते आपण येण्याआधीच भरलेलं आहे. तेव्हापासून ती पेटी कपाटाच्या उजव्या दारामागे, तिच्या कपड्यांखाली होती. एकदाही ओली न झालेली.

अर्थात कोपरा भिंगरीसाठी करायचा होता, यात शंकाच नव्हती. भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी. क्षणभर एका जागी टिकत नसे म्हणून आजीने ठेवलेलं ते नाव. हे सगळं भिंगरीसाठी, असं नकाशेबाईने घरी येईपर्यंत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. इतक्यांदा बजावावं लागलं, त्यातच काय ते आलं.

शनिवारी जेवणं झाल्यावर ती आलेखाचा कागद घेऊन बसली आणि तिने घराचे कोपरे मोजले. दोन खोल्यांचे आठ. स्वयंपाकघराचे धरायचे नव्हते, ते ओट्याच्या मालकीचे. बाहेरच्या खोलीत दारामागचा कोपरा चपलांचा. दुसऱ्यात सासूबाईंची खाट. तिसऱ्यात फ्रिज, कारण तो स्वयंपाकघरात ठेवला असता तर स्वयंपाक करणारीला बाहेर उभं राहावं लागलं असतं. चौथा खिडकीचा. उजेड म्हणावा असा अख्ख्या घरात तिथेच, आणि तिथे सासूबाईंची आरामखुर्ची. आतल्या खोलीत एका कोपऱ्यात पलंग, दुसऱ्यात लोखंडी कपाट, तिसऱ्यात सासूबाईंचं शिलाईमशीन, ज्याला शेवटचा टाका कधी घातला ते स्वतःलाही आठवलं नसतं. आणि चौथ्यात ‘लागेल’.

‘लागेल’ ही भिंगरीच्या बाबांची दौलत. ते यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असत. वर्षानुवर्षं पडून असलेला गंजका बोल्ट विचारत एखाद्या दिवशी कुणीतरी येतंच, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे तुटकी फळी, पडद्याची दांडी, सुतळीचे गुंडे, बिनझाकणाच्या बाटल्या आणि बिनबाटल्यांची झाकणं, काहीही टाकायला काढलं की ते मध्ये हात घालत. "राहू दे, लागेल कधीतरी."

"म्हणजे आईंकडे तीन कोपरे आहेत," नकाशेबाई म्हणाली. "खाट, खुर्ची आणि मशीन."

"अगं हळू बोल," बाबा म्हणाले.

"ऐकू येतंय मला!" बाहेरून आवाज आला. "तीन काय नि तेरा काय, बरोबर काय न्यायचंय? माझं काय, मी पडून राहीन एका कोपऱ्यात."

"बघा," नकाशेबाई दबक्या आवाजात म्हणाली, "त्या स्वतःच ‘एका’ म्हणताहेत."

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं! ते मोजायचं नसतं!"

पण नकाशेबाईचा पोटापाण्याचा धंदाच मोजण्याचा होता. तिने फ्रिज, पलंग, कपाट, मशीन, सगळ्यांचे मापात कागदी तुकडे कापले आणि ते आलेखावर सरकवत बसली. थोड्या वेळाने तिचा चेहरा उजळला.

"खुर्ची फ्रिजच्या जागी. फ्रिज आत, मशीनच्या जागी. मशीन ‘लागेल’च्या जागी. आणि ‘लागेल’ भंगारवाल्याकडे."

बाबा ताडकन उभे राहिले. "तेवढं सोडून बोल."

शेवटी असं ठरलं, की कलाकोपरा ‘लागेल’मधूनच करायचा, म्हणजे खर्चही नाही, आणि उरलेलं ‘लागेल’ कपाटाच्या डोक्यावर चढवायचं. कागदावर सगळं इतकं नेमकं बसलं, की साहेबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. कागदाची माणसं तेवढी कापायची राहिली होती. नोकरीत तशी सवयच नव्हती.

रविवारी सकाळी ती सासूबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"आई, तुमची खुर्ची जरा फ्रिजच्या जागी ठेवू का? भिंगरीला चित्रं काढायला उजेड हवाय."

"ठेव की. मला काय विचारायचंय?" सासूबाई खिडकीतून नजर न काढता म्हणाल्या. मग जरा थांबून, "तिथून रस्ता नाही ना दिसत."

"कुणाची वाट बघायची असते का, आई?"

"आता यायचंय कोण? पण आलंच कुणी, तर दिसायला नको?"

नकाशेबाईच्या नकाशात रस्ता नव्हता.

फ्रिज आत गेला. जाताना दाराच्या चौकटीचा थोडा रंग घेऊन गेला, पण गेला. मशीनच्या जागी उभा राहिला आणि तेवढ्यात असं लक्षात आलं, की त्याचं दार उघडलं की पलंगावर आपटतं. दार वीतभर उघडायचं. त्यातून दुधाची पिशवी निघायची, पातेलं निघायचं नाही. म्हणून पलंग कपाटाच्या दिशेने सरकवला. आता फ्रिज उघडू लागला, पण कपाटाचं उजवं दार पलंगाला अडलं. म्हणून कपाट सरकवायला घेतलं. डोक्यावर ‘लागेल’ चढवून झालेलं असल्यामुळे कपाटाचं वजन दीडपट झालं होतं. एक टोक हललं, दुसरं फरशीच्या फटीत रुतलं, आणि रुसलेल्या माणसाने अर्धवट पाठ फिरवावी तसं ते तिरकं होऊन जे थांबलं ते थांबलंच.

बाबांनी घाम पुसत डावं दार उघडून पाहिलं. "हे उघडतंय!"

"ते तुमचं आहे. माझं उजवं."

"मग... आठवडाभर जरा..."

आठवडाभर नकाशेबाई दोरीवर वाळत असलेले दोन ड्रेस आलटून पालटून घालून ऑफिसात गेली. गुरुवारी साहेबांनी कौतुकाने विचारलं, "काय, आपल्या ऑफिसला युनिफॉर्म ठरला का?" कपड्यांचं तिला एवढं वाटलं नाही. पण रंगांची पेटी उजव्या दारामागे होती. तिने मनाशी सगळं रंगवून ठेवलं होतं. कोपरा तयार झाला की पेटी बाहेर काढायची, भिंगरीसमोर ठेवायची, आणि रंग कसे वापरतात ते दाखवण्यापुरता, अगदी तेवढ्यापुरताच, एकदा ब्रश भिजवायचा. आता येता-जाता ती त्या बंद दाराला हात लावून बघायची.

सासूबाई फ्रिजच्या जागी बसल्या. तिथून त्यांना समोर फक्त चपलांचा कोपरा दिसायचा. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त संध्याकाळी त्या दिवसभराची हकीकत चपलांवरून सांगू लागल्या.

"समोरच्या काकू येऊन गेल्या."

"काय म्हणत होत्या?"

"काय माहीत. तोंड कुठे दिसतं इथून? चपला काढल्या, चपला घातल्या, गेल्या. टाच झिजलीये हो बिचारीची."

इकडे भिंगरीचे बाबा मात्र जन्मात पहिल्यांदा घरात महत्त्वाचे झाले होते. रोज दुकानातून आले की ते कपाटावरून काहीतरी उतरवत. तुटक्या फळीखाली दोन खोकी घालून बुटकं टेबल झालं. पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून, तिला कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगायची सोय झाली. बाटल्यांची झाकणं रंग कालवायला. फाटक्या छत्रीचं कापड खाली अंथरायला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी कोऱ्या होत्या, त्यांचा गठ्ठा. प्रत्येक वस्तू जागेवर बसली की ते मागे वळून बायकोकडे बघत. "लागलं की नाही?"

"लागलं."

"म्हणजे टाकलं असतं तर?"

"लागलं म्हटलं ना!"

पण कोपरा खरोखरच सुंदर झाला होता. खिडकीतून तिरपं ऊन त्या बुटक्या टेबलावर पडायचं, बरोबर डावीकडून. शनिवारी संध्याकाळी नकाशेबाई कुणी नाही असं बघून तिथे मांडी घालून बसली. नुसतीच. फळीवरून तळवा फिरवला. तेवढ्यात आतून "अगं, दूध उतू गेलं!" अशी हाक आली आणि ती उठली. तिचं बसणं हे नेहमी असंच, दूध उतू जाईपर्यंतचं.

रविवारी कोपऱ्याचं उद्घाटन झालं. भिंगरी शाळेचे तेलखडू घेऊन टेबलाशी बसली. बाबा मोबाइल घेऊन समोर उकिडवे बसले. नकाशेबाई पाठीमागे वाकून उभी राहिली. बातमी ऐकून समोरच्या काकूही आल्या, या खेपेला तोंडासकट. सासूबाईंना खुर्चीतून दिसत नव्हतं म्हणून त्या मान लांब करून बसल्या.

भिंगरीने एक रेघ ओढली.

"वा!" बाबा म्हणाले. "जरा इकडे बघून काढ."

"खडू असा धरायचा नाही, सोनू," आई म्हणाली. "थोडा आडवा. हां. आणि कागद मधोमध घे."

"हत्ती आहे होय गं?" काकूंनी विचारलं.

"शेपूट राहिली असेल," सासूबाई लांबून म्हणाल्या.

भिंगरीने खडू खाली ठेवला. चौघांकडे पाळीपाळीने बघितलं. "इथे सगळे बघतात," ती म्हणाली. खडू मुठीत घेऊन उठली आणि गेली.

मोठी माणसं थोडा वेळ रिकाम्या कोपऱ्याचंच कौतुक करत राहिली. मग चहा झाला. चहा पिऊन झाल्यावर नकाशेबाईने हाक मारली. "भिंगरे!" उत्तर नाही. आतल्या खोलीत नाही, पलंगाखाली नाही, स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

नकाशेबाई अनवाणीच जिना उतरून फाटकापर्यंत गेली. काकू गच्चीवर पळाल्या. बाबांनी कपाटाचं डावं दार उघडून पाहिलं, फ्रिज उघडून पाहिला, आणि फ्रिजमध्ये मूल का बघितलं हे स्वतःलाही न कळून तो परत लावला.

"आई, तुम्ही पाहिलंत का तिला बाहेर जाताना?" नकाशेबाई धापा टाकत वर आली.

"मी कशी बघणार?" सासूबाईही खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या, पण आठवडाभर साचलेलं थांबेना. "खिडकीत असते तर सांगितलं असतं, रस्त्यावर गेली का नाही ते. मला उचलून चपलांसमोर बसवलंत." मग त्यांनी चपलांकडे बोट केलं. "पण तिच्या चपला इथेच आहेत. घरातच आहे पोर. तिची चप्पल हलली असती तर मला दिसली असती."

सगळ्यांनी कान टवकारले. आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली.

"फ्रिजचा आवाज बदललाय का?" बाबा म्हणाले. "हा तर सुरात आहे."

फ्रिज घरघरत होता, तो बेसूरच. सुरात गुणगुणत होतं ते कपाट.

कपाट तिरकं झालं होतं ना, त्यामुळे त्याची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये एक नवाच कोन तयार झाला होता. नकाशात नसलेला, घरातला नववा कोपरा. तोंडाशी चिंचोळा आणि आत एका सहा वर्षांच्या मुलीला ऐसपैस. भिंगरी तिथे मांडी घालून बसली होती आणि कपाटाच्या पाठीवर, लोखंडावर, तेलखडूने चित्र काढत होती.

नकाशेबाईने फटीशी तोंड नेलं. हसावं का रडावं का ओरडावं, हे ठरायला वेळ लागला. "बाहेर ये आधी!"

"नाही. इथे कुणी बघत नाही."

"मी आणतो," बाबा म्हणाले, आणि कुणी अडवायच्या आत खांदा तिरका करून फटीत शिरले. खांदा गेला, छाती गेली, पोटाचा मोठा भाग गेला. मग पुढे जाईना आणि मागे येईना.

"बाबा, माझ्या चित्राला तुमचं पोट लागतंय!" आतून तक्रार आली.

"आता श्वास घेऊ का सोडू?" बाबांनी विचारलं.

"सोडा!" काकू म्हणाल्या.

बाबांनी श्वास सोडला आणि आणखी चार बोटं आत गेले. आता त्यांना तो परत घेता येईना.

कपाट पुढे ओढायला हवं होतं. पण पुढे पलंग. पलंग मागे घ्यायला हवा, पण मागे फ्रिज. फ्रिज बाहेर न्यायला हवा, पण त्याच्या जुन्या जागी खुर्ची. खुर्चीतून सासूबाई उठल्या होत्या, म्हणून काकूंनी खुर्ची उचलली, ठेवायला जागा दिसेना तेव्हा दाराबाहेर जिन्यात नेऊन ठेवली. मग काकूंनी आणि नकाशेबाईने गोणपाट घालून फ्रिज ओढत बाहेर आणला. चौकटीने आपला उरलेला रंगही देऊन टाकला. कपाटाच्या डोक्यावरचं ‘लागेल’ उतरवल्याशिवाय कपाट हलेना, म्हणून ते उतरवून फ्रिजच्या रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात रचलं. रिकामा कोपरा त्या घरात क्षणभरच टिकायचा. मग पलंग मूळ जागी, आणि शेवटी कपाटाला दोन्हीकडून हिसका. बाबा बुचासारखे निघाले.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पोटावर एक जांभळा हत्ती उमटला होता. शेपटीसकट.

"ढकला आता कपाट मागे," काकू म्हणाल्या.

"नको!" भिंगरी आतून ओरडली. "माझं आहे हे!"

नकाशेबाईने त्या फटीत डोकावून पाहिलं. लेकीचे गुडघे छातीशी, हातात खडू, मागे भिंत, पुढे लोखंड, उजेडाची एक चिंचोळी पट्टी. जिन्याची पायरी आठवली तिला. इथे निदान कुणी तुडवणार नव्हतं.

"राहू दे ते तसंच," ती म्हणाली.

मग घर जरा शांत झालं आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली.

"आता आई कुठे गेल्या?" नकाशेबाईने विचारलं.

चपला जागेवर होत्या. खाट रिकामी होती. जिन्यातली खुर्चीही रिकामी होती.

सासूबाई खिडकीच्या कोपऱ्यात, कलाकोपऱ्यात, छत्रीच्या कापडावर पाय लांब करून बसल्या होत्या. पाठीशी उशी. हातात भिंगरीने टाकलेला राखाडी खडू. कॅलेंडरच्या पाठीवर त्या मन लावून काहीतरी ओढत होत्या.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? मी म्हटलं नव्हतं, पडून राहीन एका कोपऱ्यात? हा बरा आहे. रस्ता दिसतो."

कागदावरही रस्ताच होता. लांबलचक, कडेला दोन झाडं.

"यात कुणीच नाही," नकाशेबाई म्हणाली.

"येईल की. जागा ठेवलीये."

नकाशेबाई उभी राहिली. ऊन बरोबर डावीकडून येत होतं. एवढी उलथापालथ करून जो कोपरा केला तो पोरीने नाकारला, आणि आता तिथे पुन्हा सासूबाईच आरूढ झाल्या होत्या, फक्त खुर्चीवरून जमिनीवर आल्या होत्या. ती आत वळली. कपाटाचं उजवं दार आता उघडत होतं. तिने एक धुतलेला ड्रेस बाहेर काढला, आणि मग कपड्यांखाली हात घातला.

पेटी होती. झाकणाला जरा हिसका द्यावाच लागला. रंगांच्या वड्या भेगाळल्या होत्या, पिवळ्याचा तर तुकडा पडला होता. तिने बोट जिभेला लावून निळ्या वडीवर टेकवलं. बोट निळं झालं. इतकी वर्षं तो रंग नुसता एका थेंबाची वाट बघत होता.

ती पेटी हातात घेऊन दारात आली, आणि तिथेच थबकली.

"बघत काय उभी राहिलीस?" सासूबाईंनी वर न बघता पाय आखडून घेतले. "ये, बस. मावतो दोघी. फक्त मध्ये मध्ये बोलायचं नाही."

ती बसली. कागद घेतला आणि पेन्सिल टेकवली. हाताने आपणहून सरळ रेघ ओढली, मग काटकोनात दुसरी. बघता बघता खिडकीच्या कोपऱ्याचा नकाशा तयार झाला, अगदी मापात. तिने डोळे मिटले, उघडले, आणि नकाशात दोन गोल काढले. एक मोठा, एक लहान.

"हे काय वाटोळं वाटोळं?" बोलायचं नाही म्हणणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

"माणसं. वरून अशीच दिसतात."

"यातली मी कुठली?"

"मोठी."

"खिडकीकडची ना?"

"हो, आई."

"मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याला लागल्या.

बाबा पोटावरचा हत्ती घासत बाहेर आले. ओणवे होऊन त्यांनी कागदाकडे पाहिलं. "आणि मी कुठे?"

नकाशेबाईने कागदाच्या कडेला आणखी एक गोल काढला आणि फाडून वेगळा केला. आरामखुर्ची जिन्यात होती, खाट आईंची, पलंगावर वाळलेले कपडे. तिने सगळीकडे नजर फिरवली. मग उठून तो कागदी तुकडा ‘लागेल’च्या ढिगावर नीट ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "लागेल कधीतरी."

काकू इतक्या हसल्या, की त्यांना जिन्यातल्या खुर्चीवर जाऊन बसावं लागलं. बाबांनीही हसून घेतलं आणि चहाचं आधण ठेवायला गेले. त्या घरात ते पहिल्यांदाच लागले.

नकाशेबाईने गठ्ठ्यातून दुसरा कागद घेतला. कोरी बाजू वर केली. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं, पेटीतला ब्रश बुडवला. मोजपट्टी हाताशी होती, ती तिने ढकलून टेबलाखाली सारली. आत आधण खळखळू लागलं, बाहेर जिन्यात काकू कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने कपाटामागून भिंगरी बाहेर आली. नाकाला जांभळा रंग, केसांत जळमटं. कोपऱ्याशी येऊन ती आईच्या खांद्यावरून वाकली.

"आई, तू पण काढतेस? बघू."

आईने दोन्ही तळवे झटकन कागदावर आडवे धरले.

"बघायचं नाही," ती म्हणाली. "झाल्यावर दाखवीन."